एक, दोन, तीन... आणि चौथ्याला थांब

गेल्या आषाढात, धो धो पावसात, मी आणि माझी बायको नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉलच्या जिन्यात छत्र्या झटकत उभे होतो. वरून गाणं ऐकू येत होतं आणि दोघांपैकी कुणाचाच पाय पुढे पडत नव्हता. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. ती पतसंस्थेत कॅशियर. पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एका सोशल डान्स क्लबची तीन महिन्यांची फी परस्पर भरून टाकली होती. "पैसे वाया जातील हो," असं म्हणून बायको जिना चढायला लागली.

त्याला आता वर्ष झालं. कंपनीत, नात्यात, सोसायटीत सगळे विचारतात, तिथे करता तरी काय? दर वेळी मी दोन वाक्यांत सांगतो आणि दर वेळी ते अपुरं वाटतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचे सर अठ्ठावीस वर्षांचे, पण सत्तरीचे काकासुद्धा त्यांना सरच म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "इथे प्रेक्षक नसतात. भिंतीला लागून खुर्च्या आहेत त्या पाणी पिण्यापुरत्या." गाणं लागतं, कुणीही कुणालाही "नाचायचं का?" म्हणून विचारतं, गाणं संपलं की आभार मानायचे आणि पुढच्या गाण्याला दुसरा जोडीदार. पावलं सगळ्यांना शिकवलेली असतात, पण कुठलं पाऊल कधी येणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. एक जण हातानं सुचवतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा ते हातातूनच ओळखतो, त्याला फॉलो म्हणतात. दोन अनोळखी माणसं वर्षभर तालीम केल्यासारखी नाचताना दिसतात ती यामुळे.

सुरुवात साल्सानं झाली. आठ मात्रा. एक-दोन-तीनला पावलं, चौथ्याला थांबायचं. पाच-सहा-सातला पावलं, आठव्याला थांबायचं. आपल्या कानाला आठ मात्रांचा केरवा लहानपणापासून ओळखीचा असतो, त्यामुळे मोजणं जड गेलं नाही. जड गेलं ते थांबणं. वरातीत आणि मिरवणुकीत नाचलेल्या पायांना मोकळी मात्रा दिसली की तिथे पाय आपटावासा वाटतो. सरांनी दोन लाकडी काठ्या एकमेकींवर वाजवून क्लावे ऐकवला: आठ मात्रांच्या अर्ध्यात तीन ठोके, उरलेल्या अर्ध्यात दोन. क्यूबाच्या संगीतात सगळी वाद्यं या पाच ठोक्यांना धरून चालतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तबला वाजवतात. त्यांनी तो ठेका दुसऱ्या आवर्तनाला मांडीवर उचलला आणि त्या दिवसापासून अडलेली सगळी मंडळी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. क्यूबाच्या सोन या गाण्याच्या प्रकारातून निघून, न्यूयॉर्कमधल्या क्यूबन आणि पोर्तो रिकन वस्त्यांत वाढून, १९६४ साली सुरू झालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीमार्फत हे संगीत जगभर कसं गेलं, तेही सरांनी सांगितलं. साल्सा म्हणजे त्यांच्या भाषेत सॉस. "म्हणजे रस्साच की," बायको म्हणाली, आणि नाशिककरांना तेवढं पुरलं.

मग आली ती "जोडी बदला" ही हाक. दर दोन मिनिटांनी लीड करणाऱ्यांनी एक जागा पुढे सरकायचं. पहिल्या आठवड्यात तीन जोडपी यावरूनच क्लास सोडून गेली. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण त्या रात्री घरी आम्ही दोघंही जेवताना गप्प होतो. शेवटी तिनं विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं, मी दुसऱ्यांचा हात धरला तेव्हा?" मी खरं ते सांगितलं, की बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "मलाही नाही वाटलं. पण त्या काकांबरोबर माझी पावलं जास्त नीट पडली. तुमच्याबरोबर मी चुकले की तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते." पंचवीस वर्षांत हे वाक्य कधी तिच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यानंतर आम्ही सोडायचा विषय काढला नाही.

क्लबचे नियम भिंतीवर एका कागदावर लिहिलेले आहेत. विचारल्याशिवाय कुणाचा हात धरायचा नाही. कुणी नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही. गाणं चालू असताना जोडीदाराला शिकवायचं नाही. रुमाल आणि जादा शर्ट जवळ ठेवायचा. नव्या माणसाला एक गाणं झाल्यावर दुसरं गाणंही विचारायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिलं गाणं नवा माणूस घाबरण्यातच घालवतो.

पावसाळ्यात फरशीनं फार त्रास दिला. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल, दमट हवेत तिला घाम सुटायचा. रबरी तळाचा बूट टाइलला धरून ठेवायचा. वळताना अंग फिरायचं, पाऊल जागेवर राहायचं आणि पीळ गुडघ्याला बसायचा. कुणीतरी उपाय म्हणून टाल्कम पावडर टाकली आणि एक ताई मनगटावर पडल्या. सहा आठवडे प्लास्टर. मग काकांनी जुन्या शहरातून एक पादत्राणं शिवणारे कारागीर शोधले. त्यांनी आमच्या साध्या बुटांना खरखरीत, उलट्या चामड्याचे तळ लावून दिले. तो तळ घसरतही नाही आणि अडकतही नाही. तो फक्त हॉलमध्ये घालायचा, ओला होऊ द्यायचा नाही, आणि गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशनं खरवडायचा. ब्रश मी कंपनीच्या दुकानातून विकत आणला. अजून क्लबच्या पेटीत आहे.

इथल्या क्लबचं वर्ष हे नाशिकचंच वर्ष असतं. श्रावण सुरू झाला की ढोल पथकातली चार पोरं तालमीला पळाली. गणपती झाल्यावर परत आली ती खांदे सुजवून आणि तळहातांना घट्टे पाडून. पिंपळगावचा एक द्राक्ष बागायतदार आमच्याबरोबरच लागला होता, तो दिवाळीच्या सुमाराला गोड्या छाटणीत अडकला. तिथून फवारण्या, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं, मग थंडीत बाग जपणं, मग खुडा. ग्रुपवर त्याचा एकच निरोप यायचा, "माल निघू द्या, येतो."

नवरात्रात सरांनी रुएदा शिकवायला घेतला. हा हवानात १९५०च्या दशकात रूढ झालेला गोलातला साल्सा. रुएदा म्हणजे चाक. सगळ्या जोड्या वर्तुळात उभ्या राहतात, एक जण हाका देतो आणि हाकेसरशी सगळे एकदम तेच पाऊल करतात. "दामे" म्हटलं की लीड करणारे सगळे पुढच्या जोडीदाराकडे जातात. "दामे दोस" म्हटलं की एक सोडून दुसऱ्याकडे. गरब्याची सवय असलेल्या बायकांनी तो पहिल्याच संध्याकाळी उचलला, कारण गरब्यासारखंच इथेही घड्याळाच्या उलट दिशेनं सरकायचं असतं. एका मावशींना मात्र आठवडाभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. म्हणाल्या, "प्रदक्षिणा उजवीकडून घालायची सवय हो, पाय आपोआप तिकडे वळतात." त्यांना कुणी घाई केली नाही.

याच दिवसांत क्लबमध्ये बिघाड सुरू झाला, आणि त्यात मीही होतो.

एका कार्यक्रमात आठ मिनिटांचा नाच बसवून करण्याचं आमंत्रण आलं. मानधनही होतं. सहा जोड्या निवडल्या गेल्या. माझी निवड झाली, बायकोची नाही. माझी जोडीदार ठरली ती एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, उत्तम नाचणारी. रविवारचे सरावाचे दोन तास आता तालमीचे झाले. बाकीची सोळा-सतरा माणसं भिंतीजवळच्या, पाणी पिण्यापुरत्या म्हणून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून राहायला लागली. कोपऱ्यात बायको आणि तबलेवाले काका नव्यांना घेऊन मूळ पाऊल घटवत बसायचे. मला ते दिसत होतं. पण सहा आठवडे माझं सगळं लक्ष सातव्या मिनिटाला येणाऱ्या दुहेरी गिरकीवर होतं.

कार्यक्रम छान झाला. टाळ्या पडल्या, लेकीनं व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला, मला आनंद झाला. तो आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही. पण परतल्यावर रविवारी हॉलमध्ये माणसं मोजली तर अकरा. आषाढात अठ्ठावीस होती. त्यातच त्या हॉलच्या मालकांनी जागा सोडायला सांगितलं. शेजारून तक्रार आली होती, बायका-पुरुष हात धरून नाचतात म्हणून. तीन रविवार आम्ही एका सभासदाच्या इंदिरानगरच्या गच्चीवर नाचलो. डिसेंबरची नाशिकची थंडी, खाली चायना मोझॅक, आणि कारागिरानं लावलेले तळ दोन आठवड्यांत फाटले.

डिसेंबरातच लेकीनं आम्हाला पुण्याला एका सोशलला, म्हणजे अशाच नाचाच्या मेळाव्याला नेलं. लाकडी जमीन, मंद दिवे, साठेक माणसं, ओळखीचं कुणी नाही. मी तिशीच्या एका बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पहिल्या चार-पाच गोष्टी नीट गेल्या. मग मला कळलं की माझ्याजवळ पुढचं काही नाही. जे होतं ते त्या आठ मिनिटांच्या क्रमात, त्या एका गाण्यावर, त्या एका मुलीबरोबर. क्रम आठवून मी त्यांना दुहेरी गिरकीत ढकललं. माझी बोटं त्यांच्या बोटांवर आवळलेली, त्यांचा खांदा वरून पिळवटला गेला. त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. खांदा एकदा फिरवून म्हणाल्या, "दादा, हात जरा सैल सोडाल का? मी येतेच आहे."

मी येतेच आहे. गाणं संपेपर्यंत मी फक्त मूळ पाऊल केलं.

मायक्रोमीटर या बारीक मापं घ्यायच्या हत्याराच्या शेपटाला रॅचेट, म्हणजे वाजणारा खटका असतो. माप घेताना थिंबल, म्हणजे फिरवायची नळी धरून आवळलं तर मोजायच्या वस्तूवर दाब पडतो आणि माप खोटं येतं. म्हणून शेवटी रॅचेटनं फिरवायचं, ते टक-टक वाजलं की हात थांबवायचा. नव्या ट्रेनी पोरांना हे मी सत्तावीस वर्षं सांगत आलोय, "ताकद लावू नको, वाजेल तुला." आणि इकडे एका माणसाचा हात मी थिंबल धरल्यासारखा आवळत होतो. पुण्याहून परतताना गाडीत मी बायकोला हे सांगितलं. तिला त्या संध्याकाळी प्रत्येक गाण्याला कुणी ना कुणी विचारलं होतं. तालमीच्या सगळ्या आठवड्यांत ती कोपऱ्यात नव्या-नव्या, घाबरलेल्या, घामेजलेल्या हातांबरोबर नाचत आली होती. आता तिला कुठलाही हात वाचता येत होता.

जानेवारीत आम्ही सगळे बसलो. एका शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलचं रविवार संध्याकाळचं भाडं ठरलं होतं, तासाला सहाशे रुपये. हिशोब बायकोनं मांडला: अकरा माणसांत हे भागत नाही, वीस लागतात. पुढे काय, यावर दोन तास बोलणं झालं. पाच जणांना स्टेजचंच काम करायचं होतं. त्यांनी वेगळा गट काढला, चांगलं चाललंय त्यांचं, आम्ही बघायला जातो. उरलेल्यांनी ठरवलं की रविवारच्या वेळात स्टेजची तालीम कधीही होणार नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: सोशल क्लबमध्ये सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात नव्या माणसाला मिळाला पाहिजे. तो खुर्चीवर बसून राहिला की क्लब संपायला लागतो. उरलेल्यांना ते उशिरा कळतं एवढंच.

दुसरा निर्णय झाला तो काकांच्या सूचनेवरून. सगळ्यांनी दोन्ही बाजू शिकायच्या, लीडही आणि फॉलोही. बायका जास्त आणि पुरुष कमी, म्हणून बायका लीड शिकतील ही तर गरजच होती. पण काका म्हणाले, "पुरुषांनी फॉलो शिकलं तर त्यांना आपला हात समोरच्याला कसा लागतो ते कळेल." बरेच पुरुष नाखूश होते. मी पहिला उभा राहिलो.

फॉलो करणं फार अवघड आहे. अंदाज बांधायचा नाही आणि झोपायचंही नाही. चौथ्या मात्रेला थांबलेलं असताना वजन नेमकं एका पायावर ठेवून तयार राहायचं, कारण पाचव्याला कुठे जायचं हे अजून आलेलं नसतं. मी कायम अर्धी मात्रा आधी निघायचो. मावशी मला लीड करत होत्या, त्याच प्रदक्षिणावाल्या. त्यांनी माझा हात हलकेच खाली दाबून धरला आणि म्हणाल्या, "थांबा हो. सांगते ना." असं सहा-सात रविवार चाललं. आठव्या रविवारी एकदा, एकदाच, मी काहीही न ठरवता वळलो आणि वळून झाल्यावर मला कळलं की त्यांनी वळवलं होतं.

बचाताही याच थंडीत शिकलो. डॉमिनिकन रिपब्लिकमधला हा नाच: तीन पावलं बाजूला, चौथ्याला टाच उचलून कमरेला हलका झोका. आज २०१९पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. पण तिथल्या प्रतिष्ठित घरांत कितीतरी वर्षं हे गाणं-बजावणं हलकं समजलं जायचं, दारूच्या गुत्त्यातलं म्हणून. सरांनी हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "आपल्याकडे ढोलकीला तरी काय वेगळं झालं?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

रंगपंचमीच्या रविवारी क्लास नव्हता. नाशिकला रंग पंचमीलाच, आणि सगळी पोरं तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारायला, म्हणजे रंगाच्या पाण्यात उडी घ्यायला गेली होती. वर्षभर रस्त्याखाली झाकून असलेला तो पेशवेकाळातला दगडी हौद सरांनी पहिल्यांदाच पाहिला. ते आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी विदर्भातून आलेत. पुढच्या रविवारी त्यांचे कान आणि नखं अजून रंगलेली होती.

मार्चअखेर बागायतदार परतला. माल निघाला होता, भाव बरा मिळाला होता, माणूस खुशीत होता. पाच महिन्यांत एकही पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे क्रम सगळे विसरलेला. त्या दिवशी मी फॉलो करत होतो, त्यानं मला विचारलं. त्याचे तळहात खडबडीत, बोटांच्या पेरांवर भेगा. पण असा हलका हात मला क्लबमध्ये दुसऱ्या कुणाचा लागलेला नाही. येतोय हे कळायचं, ओढतोय असं एकदाही वाटलं नाही. मी विचारलं, कुठे शिकलास? त्याला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "विरळणी करताना घड असाच धरावा लागतो ना दादा. दाबला की मणी गेला."

पाडव्याला नवी बॅच सुरू झाली. इंजिनिअरिंगची पाच पोरं, दोन शिक्षिका, नाशिकरोडहून बसनं येणारं एक निवृत्त जोडपं. निवृत्त जोडपं पहिल्या "जोडी बदला"ला जागचं हललं नाही. कुणी काही म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी ते काका स्वतःहून एक जागा पुढे सरकले आणि काकू माझ्यासमोर आल्या. मी दोन गाणी त्यांच्याबरोबर मूळ पाऊलच केलं. मे महिन्यात उकाडा, लग्नं, परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे कधी तेरा माणसं, कधी नऊ. एका रविवारी तर सहाच. तरी गाणी पूर्ण वाजवली.

या आषाढात वर्ष झालं त्या रविवारी बाहेर तसाच पाऊस होता. चोवीस जण आले. पोरं जास्त झाल्यामुळे मी फॉलोच्या बाजूला उभा राहिलो. बारा जोड्यांचा रुएदा, हाका देणारी माझी बायको, तीही लीड करत. पतसंस्थेच्या काउंटरवर टोकन पुकारून कमावलेला तिचा आवाज, हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ पोचतो. "दामे!" इंजिनिअरिंगचा मुलगा गेला, शिक्षिका आल्या. "दामे!" शिक्षिका गेल्या, मावशी आल्या. "दामे दोस!" मावशी मला ओलांडून पुढे गेल्या आणि मधला एक गोंधळलेला मुलगा माझ्यासमोर थांबायचा तो वेळेत पुढे पळाला. वर्तुळ फिरत राहिलं. तिचा आवाज डावीकडून जवळ येत होता.

मग ती समोर आली. हात पुढे केला, तळवा वर, बोटं सैल. मी बोटं ठेवली. एक, दोन, तीन. चौथ्याला आम्ही दोघंही थांबलो, आणि मला कुठे जायचं ते माहीत नव्हतं. पाचव्याला तिनं मला वळवलं. सातव्याला मी पुन्हा तिच्यासमोर होतो, तिच्या कपाळावर घाम, ती हसत होती.

"दामे!" ती ओरडली आणि पुढच्या जोडीदाराकडे गेली.